लोहाचा मूळ रंग
(प्रस्तावना)

हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कापड फिकट पिवळे दिसते. छपाई करणारा छिपा त्यावर दोन वेगळ्या ठशांनी दोन वेगळे लेप उमटवतो. एका लेपात तुरटी आणि डिंक. त्याची नक्षी डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून त्यात खुणेपुरती गेरू मिसळतात. दुसऱ्या लेपात लोखंडाचे पाणी: गंजलेले तुकडे गुळाच्या पाण्यात कितीतरी दिवस आंबवून, गाळून, खळ घालून घट्ट केलेले. हे पाणी हिरड्याला भेटले की जागच्या जागी काळे पडते. मग कापड वाहत्या पाण्यात धुवायचे आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यात, उकळत्या रंगात सोडायचे. त्या पाण्यात पूर्वी आल नावाच्या झाडाची मुळे किंवा मंजिष्ठ असे, पुढे अलिझरीन आले. भांडे एक आणि रंगही एक, पण कापड वर काढले की तुरटी लागली होती तिथे तांबडे फुटलेले असते आणि लोखंड लागले होते तिथे काळे.

माळव्यातल्या छपाईची ही जुनी रीत. बाघ आणि तारापूरला ती अजून टिकून आहे. उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठावरच्या भैरवगढात आता मेणाच्या बाटिकचे काम जास्त होते. ‘उज्जैन बाटिक प्रिंट’ला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेही याच कामासाठी. तरी भैरवगढची कीर्ती उभी राहिली ती ठशांवर, नदीच्या पाण्यावर आणि तुरटी-लोखंडाच्या या जोडीवर. या पुस्तकाचा विषय मात्र कापड नाही. विषय आहे एक विशेषण, तेही असे की ते कोणी लिहून ठेवलेले नाही. आद्य जर्मानिक भाषेत ‘तांबडा’ या अर्थाचा शब्द *रउदझ असा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मांडतात. इंग्रजीतला ‘रेड’, जर्मनमधला ‘रोट’, स्वीडिशमधला ‘रोद’ ही त्याची आजची रूपे. या विशेषणाचा उगम सांगण्यासाठी भैरवगढपासून सुरुवात केली, कारण त्याचा सख्खा भाऊ त्या दुसऱ्या लेपात आहे. संस्कृत ‘लोह’ आणि जर्मानिक *रउदझ हे एकाच शब्दाचे दोन वंशज. उत्तर युरोपात त्या शब्दाचा रंग राहिला. आपल्याकडे त्याची धातू झाली, आणि ती धातू भैरवगढच्या कापडावर काळी उमटते.

आधी त्या तारकेविषयी. शब्दाच्या डोक्यावर अशी तारका असली की तो शब्द कोणत्याही शिलालेखात, पोथीत किंवा नाण्यावर सापडलेला नाही. त्याच्या वंशजांची रूपे शेजारी शेजारी ठेवून तो मागे जाऊन उभा केला आहे. आद्य जर्मानिक भाषा इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काही शतकांत दक्षिण स्कँडिनेव्हिया आणि उत्तर जर्मनीच्या पट्ट्यात बोलली जात असावी. तिचे लिखाण नाही. जे आहे ते तिच्या मुलींचे: गॉथिक, जुनी नॉर्स, जुनी इंग्रजी, जुनी उच्च जर्मन. कलकत्त्याला १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मुळापासून निघाल्या असाव्यात असे सांगितले, तेव्हा तो एक अंदाज होता. रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये ध्वनी कसे बदलत गेले याचे नियम मांडले, आणि अंदाजाला शिस्त आली. आउगुस्ट श्लायखरने १८६० च्या दशकात न सापडलेली रूपे तारका लावून मांडायला सुरुवात केली. तेव्हापासून ती तारका ही अभ्यासकाची जबाबदारी झाली आहे. ‘हे मी ऐकलेले नाही, पण असेच असले पाहिजे, आणि का ते मी दाखवू शकतो,’ इतके त्या एका खुणेत येते.

का ते मराठी वाचकाला दाखवायला फार दूर जावे लागत नाही. आपल्याकडे जिथे ‘ध’ आहे तिथे जर्मानिक भाषांत ‘द’ किंवा ‘ड’ येतो. विधवा आणि ‘विडो’, मध्य आणि ‘मिड’, मधु आणि मधाच्या दारूला इंग्रजीत म्हणतात तो ‘मीड’. याच ओळीत रुधिर आणि ‘रेड’ बसतात. रुधिर म्हणजे रक्त हे आपण शाळेत शिकतो, पण अथर्ववेदाच्या काळापासून ते ‘तांबडा’ या अर्थाचे विशेषणही आहे. ग्रीकमध्ये त्याचे भावंड एरुथ्रोस, लॅटिनमध्ये रुबेर, तारिम खोऱ्यातल्या तोखारी भाषेत रत्रे. लिथुआनियन रउदोनस, जुनी आयरिश रूअद. ग्रीक शब्दाच्या सुरुवातीचा ‘ए’ उगाच आलेला नाही. मूळ धातूच्या आधी घशातून निघणारा एक ध्वनी होता, बाकीच्यांनी तो टाकला आणि ग्रीकने त्याची खूण ठेवली. एवढ्या लांबवर पसरलेल्या भाषांत एकाच मुळापासून आलेले दुसरे रंगनाम इतक्या खात्रीने दाखवता येत नाही. पांढरा, काळा, हिरवा, पिवळा यांची नावे बहुधा शाखेगणिक फुटतात. तांबडा मात्र सगळ्यांनी बरोबर नेला.

आता *रउदझ आणि ‘लोह’ यांच्याकडे. दोघांमागचे मूळ रूप *रोउधोस् असे धरतात. जर्मानिकमध्ये ‘ओ’चा ‘अ’ झाला आणि ‘ध’चा ‘द’, म्हणून रउद-. भारतात आणि इराणात ‘ओ’चा ‘अ’ झालाच, म्हणून आधी रउध-. पुढे संस्कृतात ‘अउ’चा ‘ओ’ झाला आणि ‘ध’ सैल पडून ‘ह’ उरला, म्हणून रोह-. आणि ज्या बोलीत ‘र’च्या जागी ‘ल’ येई, तिच्यात लोह. तोच ‘र–ल’ फरक रोहित आणि लोहित या जोडीत दिसतो. ‘ध’चा ‘ह’ होणे कुणाला ओढूनताणून वाटत असेल तर त्याने स्वतःच्या तोंडाकडे लक्ष द्यावे. दधिचे दही, गोधूमचा गहू, बधिरचा बहिरा. मराठीने जे पुढे सरसकट केले, ते संस्कृताने काही शब्दांत फार आधी करून ठेवले होते. गंमत म्हणजे ‘अउ’चा ‘ओ’ जर्मनांनीही केला, स्वतंत्रपणे आणि कितीतरी उशिरा. गॉथिकमध्ये जे रउथ्स, ते जुन्या उच्च जर्मनमध्ये रोट. ऱ्हाइनकाठ आणि सिंधुकाठ यांनी एकमेकांना न विचारता एकच वळण घेतले.

‘बहिरा’वरून एक आडवाट. भैरवगढला तिथली माणसे भेरूगढ म्हणतात. भैरवचा मालवीत भेरू होतो आणि मराठीत भैरोबा, बहिरोबा. या बहिरोबाचा कानाशी काही संबंध नाही, तो भैरवच आहे. पण उच्चार बधिरातून आलेल्या ‘बहिरा’ला इतका येऊन भिडला की खेड्यापाड्यांत देव बहिरा का, याच्या कथा तयार झाल्या. दोन वेगळ्या उगमांचे शब्द एका आवाजाला येऊन मिळतात, आणि एकाच उगमाचे दोन शब्द ओळखू येणार नाहीत इतके दूर जातात. नुसत्या कानावर भिस्त ठेवणारी व्युत्पत्ती दोन्हीकडे चुकते. भैरव हेही मुळात विशेषणच, भी- धातूवरून आलेले, ‘भयंकर’ या अर्थाचे. त्या धातूचे ‘बिभेति’ हे रूप जर्मानिक भाषांतल्या ‘थरथरणे’ अर्थाच्या क्रियापदाशी जुळते. आजच्या जर्मनमधले ‘बेबेन’ ते हेच. भैरवगढातल्या काळभैरवाच्या देवळाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. पानिपतानंतर महादजी शिंद्यांनी या देवाला आपली पगडी वाहिली आणि पुढे देवळाचा जीर्णोद्धार केला, अशी परंपरा तिथे सांगतात. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला लष्कर वसवेपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्यामुळे तिथल्या जुन्या पेठांतली मराठी घरे तांबडा, लाल आणि लहू हे तिन्ही शब्द एकाच दिवसात बोलतात. अशा शहरातून या विशेषणाकडे पाहणे सोयीचे आहे.

जर्मानिक बाजूचा सगळ्यात जुना लेखी पुरावा कुठे सापडतो, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. गॉथिक भाषेतले बहुतेक लिखाण म्हणजे वुल्फिलाने चौथ्या शतकात केलेले बायबलचे भाषांतर. त्याखेरीज योहानाच्या शुभवर्तमानावरच्या एका भाष्याची आठ पाने उरली आहेत, त्यांना ‘स्केइराइन्स’ म्हणतात. त्यात शुद्धीकरणाच्या जुन्या विधीचे वर्णन आहे: कालवडीची राख, पाणी, झुफा नावाची वनस्पती, आणि लोकर. त्या लोकरीला जोडलेले विशेषण म्हणजे ‘रउदइ’, तांबड्या. शब्द चतुर्थीच्या रूपात आहे. प्रथमेचे रूप सापडलेले नाही, म्हणून व्याकरणकार ‘रउथ्स’वरही तारका लावतात. रक्त, सूर्यास्त, फूल यांतले काहीच तिथे नाही. आहे ती रंगवलेली लोकर. ज्याने त्या ओळी लिहिल्या त्याच्या डोळ्यांसमोर कुणा रंगाऱ्याच्या हातचा माल होता.

आपल्या बाजूचा पुरावा तर रोज घरोघर म्हटला जातो. रुद्राभिषेकात रुद्रानंतर चमक म्हणतात, महाकाळच्या गाभाऱ्यातही म्हणतात. त्याच्या पाचव्या अनुवाकात यजमान आपल्याला काय काय मिळावे त्याची यादी सांगतो. माती, दगड, डोंगर, झाडे, आणि मग धातू: सोने, अयस्, शिसे, कथील, श्याम आणि लोह. श्याम आणि लोह या दोन वेगळ्या वस्तू म्हणून येतात. श्याम म्हणजे काळसर धातू, लोखंड. लोह म्हणजे तांबडी धातू, तांबे, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. शुक्ल यजुर्वेदाच्या वाजसनेयी संहितेत अठराव्या अध्यायातही हीच यादी थोड्या वेगळ्या क्रमाने आहे. अभिषेकाला बसलेला आजचा गृहस्थ ‘लोह’ ऐकतो आणि मनात लोखंड आणतो, पण मंत्र रचणाऱ्याच्या मनात तांबे होते. त्या दोघांमध्ये तीन हजार वर्षांच्या आसपासचे अंतर आहे, आणि त्या अंतरात एका विशेषणाची धातू झाली. धातूआधीची विशेषणावस्था पुसली गेली नव्हती याची एक खूण मनुस्मृतीत आहे. श्राद्धाच्या प्रकरणात ‘लोह’ शब्द येतो आणि टीकाकार त्याचा अर्थ तांबडा बोकड असा सांगतात.

तांब्याचे नाव लोखंडाकडे कसे गेले? मला यात गोंधळापेक्षा कारागिरांचा हिशेब जास्त दिसतो. लोह हा आधी रंग, मग त्या रंगाची धातू, मग घरात-रानात ज्या धातूवर काम चालते ती धातू. जोवर अवजारे तांब्याची होती तोवर लोह म्हणजे तांबे. अवजारे लोखंडाची झाली, तेव्हा कामाच्या धातूचे नाव नव्या धातूकडे गेले. हा बदल इथल्या मातीतही दिसतो. उज्जैनच्या गढ टेकाडावर १९५५ ते १९५८ या काळात न. र. बॅनर्जी यांनी उत्खनन केले, तेव्हा वस्तीच्या सगळ्यात जुन्या थरांतच लोखंड मिळाले. नागपूरजवळ नैकुंडला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना बृहदश्मयुगीन वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. इसवी सनापूर्वीच्या सातव्या-आठव्या शतकात माळवा आणि विदर्भ लोखंड वापरत होते, आणि या शतकांच्या आगेमागेच ‘लोह’ आपला रंग विसरत होते. तांब्याला मग दुसरे नाव लागले, ताम्र; तेही मुळात काळसर तांबड्या रंगाचे विशेषण. रंगाचे नाव धातूला द्यायचे, धातूने ते पळवले की दुसरे रंगनाम आणायचे, आणि पुढे त्या धातूवरून पुन्हा रंग: ताम्र, तांबे, तांबडा. मराठीने हा फेरा पूर्ण केला.

असे करणारे आपण एकटे नाही, आणि इथेच या विशेषणाचा स्वभाव कळतो. स्लाव भाषांत ‘रुदा’ म्हणजे खनिज, कच्ची धातू, आणि ते याच मुळाचे. लॅटिनमध्ये ‘रउदुस’ म्हणजे काशाचा किंवा तांब्याचा ओबडधोबड गोळा. आणि खुद्द जर्मानिक घरात, जिथे *रउदझने रंग सांभाळला, तिथेही जुन्या नॉर्समध्ये ‘रउदी’ म्हणजे दलदलीत सापडणारे लोखंडाचे तांबूस खनिज. आइसलँडच्या एगिल सागेत स्कालाग्रिम हा मोठा लोहार होता आणि हिवाळ्यात रउदी गाळून लोखंड काढी, असे वर्णन आहे. त्या बेटावरच्या लोहाराने आणि माळव्यातल्या लोहाराने एकाच विशेषणापासून आपापल्या धातूचा शब्द काढला, वेगळ्या वाटांनी. लोखंडाचा गंज तांबडा, खनिज तांबडे, माती तांबडी. तांबड्याला धातूकडे जायला जिथे तिथे वाट मोकळी होती.

मग जर्मानिक भाषांत तो रंगच का राहिला? पुढच्या प्रकरणांत याची चर्चा आहे, पण माझे उत्तर इथेच सांगतो. धातूंच्या जागा तिकडे आधीच भरल्या होत्या. संस्कृत अयस्‌चे भावंड *अइझ तिकडे काशासाठी होते. लोखंड त्यांना केल्टिक शेजाऱ्यांकडून मिळाले आणि नावही त्यांचेच आले, *ईसर्नम्. इंग्रजी ‘आयर्न’ आणि जर्मन ‘आइझन’ त्यातून निघाले. उसना शब्द आयता आल्यामुळे ‘तांबडा’ला लोखंडाच्या कामाला जुंपायची गरज पडली नाही. रंगाच्या गादीवर दुसरा उमेदवारही आला नाही. आपल्याकडे मात्र ते झाले.

आपल्याकडचा तो उमेदवार रंगाऱ्यांच्या घरचा होता. ‘रक्त’ हे रञ्ज् धातूचे भूतकालवाचक विशेषण, अर्थ ‘रंगवलेले’. रंग, रंगारी, राग, रंजन हे सगळे त्याच घरातले. रंगवलेले म्हणजे तांबडे, इतके हे समीकरण पक्के होते की रंगवण्याच्या क्रियेचे नावच एका रंगाचे नाव झाले. यावरून त्या काळी कुंडात कोणता रंग सर्वांत मानाचा होता ते कळते. मराठीत रक्तचा रात- झाला आणि जुन्या कवींनी तो खूप वापरला. आजच्या बोलीत तो रातांबा आणि रताळे या दोघांच्या पोटात जाऊन बसला आहे. पुढे फारसीतून लाल आला आणि शहरांतून पसरला. रुधिर, लोहित आणि रक्त ही तीनही जुनी तांबडी विशेषणे शेवटी शरीरातल्या रक्ताची नावे झाली. हिंदीचा लहू आणि गुजरातीचा लोही लोहितापासून आले आहेत. भैरवगढच्या बाजारात लहू आणि लोहा हे दोन्ही शब्द दिवसभर ऐकू येतात. ते नात्याचे आहेत याची कुणाला कल्पना नसते, आणि ती असायचे कारणही नाही.

मूळ विशेषणाचा नेमका रंग कोणता, हे तारकेने कळत नाही. पुनर्रचना रूप देते, छटा देत नाही. छटेसाठी वंशजांनी ज्या ज्या वस्तूंना तो शब्द लावला त्या मांडून पाहाव्या लागतात. रोहित हा घोड्याचा रंग, म्हणजे आपण ज्याला तांबडा घोडा म्हणतो तो. रोहू मासा. रोहिणी नक्षत्रातला नारिंगीकडे झुकलेला ठळक तारा, ज्याच्या नावाने आपला शेतकरी मृगाच्या आधीचे दिवस मोजतो. मंगळाचे एक नाव लोहितांग, आणि उज्जैनला मंगळाचे जन्मस्थान मानतात. मंगळनाथाचे देऊळ भैरवगढपासून फार लांब नाही. हे सगळे समोर ठेवले की दिसतो तो कुंकवाचा लालभडक रंग नव्हे. तपकिरीकडे झुकलेला, मातीचा, तांब्याचा, गेरूचा असा विस्तृत पट्टा दिसतो. मराठी ‘तांबडा’ नेमका एवढाच पट्टा व्यापतो. तांबडी माती, तांबडा भोपळा, तांबडा रस्सा, पहाटे फुटणारे तांबडे. इंग्रजी ‘रेड’चे भाषांतर आपण सहज ‘लाल’ करतो, पण *रउदझचे भाषांतर करायचे तर मी ‘तांबडा’च लिहीन आणि या पुस्तकात सर्वत्र तेच केले आहे.

गेरूचा विषय निघाला म्हणून विष्णु श्रीधर वाकणकरांची आठवण करणे भाग आहे. १९१९ मध्ये नीमचला जन्मलेल्या आणि उज्जैनला कर्मभूमी केलेल्या या मराठी पुरातत्त्वज्ञाने १९५७ साली भोपाळकडे जाताना आगगाडीतून काही टेकड्या पाहिल्या, उतरून त्यांचा माग काढला, आणि भीमबेटकाच्या शैलचित्रांचे दालन जगासमोर आणले. त्या गुहांतला तांबडा रंग गेरूचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा आहे. गुहेच्या भिंतीवर लोखंड तांबडे उमटते आणि भैरवगढच्या कापडावर काळे. हवा-पाण्याशी संयोग झाला की एक, हिरड्यातल्या टॅनिनशी झाला की दुसरे. तांबडा आणि लोह हे दोन अर्थ एका शब्दात राहू शकले याचे मला इथे नवल वाटेनासे होते. त्या दोन वस्तू मुळातच एकमेकींपासून वेगळ्या काढणे अवघड आहे.

उज्जैन आणि हे विशेषण यांची गाठ आणखी दोनदा पडली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहिली. त्या ग्रंथाला ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ म्हणतात; एरिथ्रियन म्हणजे एरुथ्रोसवरून, तांबडा. त्यात ओझेने, म्हणजे उज्जयिनी, येते. तिथून भडोचला अकीक, मलमल आणि पुष्कळ साधे कापड जाई, असे त्याने नोंदले आहे. दुसरी गाठ कडू आहे. १८६८ मध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांतले रंगद्रव्य, अलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केले. पुढच्याच वर्षी त्याचे पेटंट झाले आणि काही वर्षांत तो रंग कारखान्यांतून जगभर स्वस्त विकला जाऊ लागला. माळवा, वऱ्हाड आणि खानदेशात आल लावत. तिची मुळे रंगाला यायला तीन-चार वर्षे लागत, आणि तेवढी वर्षे शेतकऱ्याची जमीन अडकून राही. तयार पुडीपुढे ते पीक टिकले नाही. आल लावणारे, खणणारे, मुळे प्रतवार लावून विकणारे यांचे ज्ञान एका पिढीत निरुपयोगी झाले. त्याबरोबर त्यांच्याकडची रंगछटांची नावेही गेली, आणि कोणत्याही कोशात ती मला मिळत नाहीत. भाषेच्या दृष्टीने हे नुकसान मला फार मोठे वाटते. जर्मन ‘रोट’ माळव्यात आले, आणि ज्यांनी त्याच्या भावंडांना हजारो वर्षे पोसले त्यांचे शब्द घेऊन गेले.

शेवटी या पुस्तकाच्या मर्यादेविषयी आणि आपल्या परंपरेविषयी. मराठीत व्युत्पत्तीचा अभ्यास गरीब नाही. वि. का. राजवाड्यांनी या विषयाला आयुष्य दिले. ज्यूल ब्लॉक यांच्या फ्रेंच ग्रंथाचा वा. गो. परांजपे यांनी केलेला ‘मराठी भाषेचा विकास’ हा अनुवाद १९४१ साली आला. कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ साली निघाला आणि अजूनही आपण तोच उघडतो. पण आपली सवय संस्कृतपाशी थांबायची आहे. लोखंड म्हणजे लोहखंड, असे सांगितले की उगम सापडला असे आपण मानतो. मला वाटते तिथे अर्धाच रस्ता झालेला असतो. संस्कृत शब्दालाही आईवडील आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचे तर गॉथिक, लिथुआनियन, तोखारी यांच्या दारात जावे लागते. त्यासाठी मराठी वाचकाला लागणारी ध्वनिनियमांची पूर्वतयारी पहिल्या दोन प्रकरणांत दिली आहे. सर्व रूपे देवनागरीत लिहिली आहेत; जिथे देवनागरी अपुरी पडते तिथे उच्चार शब्दांत सांगितला आहे. तिसऱ्या प्रकरणात *रउदझच्या जर्मानिक वंशजांची एकेक करून ओळख आहे. चौथे केवळ ‘लोह’साठी. पाचव्यात माळव्यातल्या छपाईचे शब्द आहेत, छिप्यांच्या तोंडून ऐकलेले. त्यांच्यातल्या ज्या शब्दांची व्युत्पत्ती मला पटेल इतकी लागली नाही, ते शब्द अर्थासह तसेच ठेवले आहेत, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला निदान शब्द तरी मिळतील.